वरवंट्याला टोपडं

सांगलीतल्या आमच्या घरमालकांची आणि माझी खरी ओळख झाली तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून एका वरवंट्याला टोपडं घालत होते. नाडी बांधली, ती आवळली असं वाटून सोडली, पुन्हा सैल बांधली आणि वरवंट्याला हनुवटी असती तर जिथे असती तिथे एक बोट घालून बघितलं. बोट सरकलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होतो आणि माझ्या हातात कुरिअरनं आलेलं मोठं खोकं होतं.

"काय हाय त्यात?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बाळासाठी काहीतरी आहे. हिनं मागवलंय."

"वर न्यायचं न्हाई. आदी हितं उघडायचं."

भाड्यानं राहायला येऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं, पण तोवर आमचं बोलणं पाण्याची वेळ आणि गाडी लावायची जागा यापुढे गेलं नव्हतं. बायकोला सातवा महिना लागला आणि घरी खोकी यायला लागली, तसे हे गृहस्थ आमच्या आयुष्यात शिरले ते शिरलेच.

गल्लीत त्यांना मेजर म्हणत. आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या कोणालाही मेजर म्हणतात, मग तो तिथे बंदूक चालवत असो की कांदे चिरत असो. हे मूळचे शिराळ्याकडचे. फौजेत त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं. बूट, घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या, तंबू. कोणतीही वस्तू वापरून बघितल्याशिवाय जवानाच्या हातात द्यायची नाही हा तिथला नियम होता, निदान त्यांच्या स्टोअरचा तरी होता. तो नियम त्यांनी आता आमच्या न जन्मलेल्या मुलाला लावला. वरवंटा हा चाचणीचा जवान. त्याला ते 'रंगरूट' म्हणायचे.

"वजन बग हातात घिऊन," ते मला म्हणाले. "जन्माला येणारं पोर एवढंच भरतंय. वाईच जड आसंल. म्हंजे ह्याला जे सोसलं ते पोराला सोसलंच."

यात काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण भाडेकरूनं किती बोलावं यालाही मर्यादा असते.

त्यांचा प्रश्न एकच असायचा. वस्तू कोणतीही असो, ती हातात फिरवून, हुंगून, उलटी करून ते विचारायचे, "ह्ये पोराला लागतंय, का आईबापाला?" मग आपणच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. पोराला लागत असेल तर वस्तू वर जायची. आईबापाला लागत असेल तर ती जिन्याखालच्या कोनाड्यात पडायची. या कोनाड्याला आम्ही नवराबायको तुरुंग म्हणायचो.

पहिला कैदी म्हणजे ओली फडकी गरम ठेवायचं यंत्र. बाळाला पुसताना फडकं गार लागू नये म्हणून. तेव्हा एप्रिल चालू होता आणि अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. मेजरांनी यंत्र लावलं, फडकं गरम होईपर्यंत शांतपणे वाट बघितली, ते आपल्याच कपाळावर ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ बसले. मला वाटलं, आवडलं.

"सांगलीत," ते डोळे न उघडता म्हणाले, "एप्रिलात. फडकं गरम करायचं यंत्र." आणि उठून थेट तुरुंगाकडे गेले.

बाटल्या निर्जंतुक करायच्या भांड्यात त्यांनी अंडी उकडली. अंडी झकास झाली असं त्यांचंच मत होतं, शेजारच्यांनाही एक एक दिलं. पण आईचं दूध पिणाऱ्या पोराला बाटली नाही आणि बाटली नाही तर भांडं नाही, आणि लागलीच तर पातेल्यात उकळत्या पाण्यात बाटली टाकायला कोणी अडवलंय, असं म्हणून ते भांडंही कोनाड्यात गेलं. अंड्यांसाठी मात्र अधूनमधून जामिनावर बाहेर यायचं.

बाबागाडीची चाचणी सगळ्या गल्लीनं बघितली. रंगरूट पांघरूण घेऊन आत झोपलेला, मागे मेजर ताठ मानेनं ढकलतायत, आणि नळाच्या पाइपासाठी खणलेली चर आडवी आली. पुढचं चाक चरीत गेलं आणि रंगरूट उडून पलीकडच्या मावशींच्या तुळशीजवळ पडला. मावशी किंचाळल्या. टोपडं बघून त्यांना जे वाटायचं ते वाटलं. पाणी पाजून त्यांना शांत करावं लागलं. त्या बाबागाडीतून पुढे आमच्या दोन्ही घरचे गॅसचे सिलिंडर आले. "सिलिंडरला ही गाडी लागतीया. पोराला कडंवर घिऊन हिंडा, रस्तं झालं की बगू," असा निकाल झाला.

आणि तो बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारा डबा! तो त्यांनी दुपारी खाली रंगरूटाच्या उशाशी ठेवला आणि दुसरा डबा आम्हाला वर दिला. थोड्या वेळानं डब्यातून घोरणं ऐकू यायला लागलं. मी खाली जाऊन पाहिलं तर मेजर वरवंट्याशेजारी चटई टाकून गाढ झोपले होते. उठवून सांगितलं, तर ते मान्य करायला तयार होईनात. मी घोरत नाही, फौजेत कोणी तक्रार केली नाही, म्हणजे हा डबाच खोटारडा. "दगडाला बी घोराय लावतंय. नामंजूर."

बायको सुरुवातीला चिडायची. तिचंही खरं होतं. कुपवाडच्या कारखान्यातून मी घरी यायचो ते अंगाला तेल आणि लोखंडाचा वास घेऊन, तिला दिवसभर बोलायला कोणी नव्हतं, आणि मोबाइल तिला रोज सांगत होता की अमुक घेतलं नाहीस तर तू कसली आई. एकदा तिनं बाळाचे इवलेसे धावायचे बूट मागवले. चिकटपट्टीनं बंद होणारे, वर पट्टे असलेले. मेजरांनी ते तळहातावर ठेवले.

"कवा चालंल त्यो?"

"वर्षभरानं, काका."

"तवर पाय केवढा व्हईल?"

तिला आधी हसू आलं, आणि मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "मला भीती वाटतीय हो काका. काहीतरी राहून जाईल असं वाटतं." मेजरांची धांदल उडाली. त्यांनी बूट तिला परत दिले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, शोकेसमधी ठिव," आणि त्या दिवसापासून निकाल जरा हलक्या आवाजात द्यायला लागले. तीही मग खोकं आलं की स्वतःच खाली घेऊन जायची.

माणूस फक्त नव्या वस्तूंच्या विरुद्ध होता असं समजू नका. सासूबाई औंधहून बाळंतपणाला आल्या. खरं तर मुलीनं माहेरी जायचं, पण डॉक्टरीणबाई सांगलीच्या, म्हणून माहेरच गोणीत भरून इकडे आलं. त्या गोणीत मोहरीची उशी होती. बाळाचं डोकं गोल व्हायला.

मेजरांनी रंगरूटाला उशीवर निजवलं. चोहीकडून बघितलं.

"ह्याचं डोस्कं तर उशीबिगरच गोल हाय."

"आवं मेजर, त्यो दगुड हाय!" सासूबाई ओरडल्या. "आमची समदी पोरं ह्याच उशीवर वाढल्याती!"

"बगितली की एक," मेजर माझ्या बायकोच्या डोक्याकडे बघत म्हणाले. सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काजळ आणि घुटीही अडवली गेली, पण तिथे डॉक्टरीणबाई मेजरांच्या बाजूनं निघाल्या, त्यामुळे सासूबाईंचा नाइलाज झाला.

मग वर गेलं तरी काय? सुती लंगोट, भरपूर. मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी. झोळी. ताप बघायची नळी. बारकं नेलकटर. आणि माझ्या जुन्या गाडीत बसवायची बाळाची पट्ट्यांची खुर्ची. एवढी महाग वस्तू त्यांनी एका दमात मंजूर केलेली बघून मी चाटच पडलो. ते म्हणाले, फौजेत गाड्या उलटलेल्या बघितल्यात, मांडीवरचं पोर कोणाच्यानं धरवत नाही. ती खुर्ची मागच्या सीटवर, तोंड मागे करून कशी बसवायची हे त्यांनी कागद वाचून शिकून घेतलं आणि रंगरूटाला पट्टे बांधून मला गाडी घेऊन पार मिरजेपर्यंत पाठवलं. मी एका दगडाला घेऊन मिरजेला गेलो आणि परत आलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा हौशी माणूस, पोरांवर जीव असणार. तीच तर गंमत होती. आमची मुलगी झाली, घरी आली, आणि मेजरांनी तिला हात लावला नाही. दारात उभे राहून बघायचे. कोणी "घ्या की" म्हणालं की दोन्ही हात पाठीमागे जायचे. "मी धरत न्हाई," एवढंच म्हणायचे.

त्याचं कारण त्यांनीच एकदा बायकोला सांगितलं, लंगोटांच्या घड्या घालताना. त्यांना एक मुलगी. ती झाली तेव्हा हे सीमेवर. रजेवर आले तेव्हा पोर चालत होती आणि यांच्या मिशा बघून जी किंचाळली ती रजा संपेपर्यंत जवळ आली नाही. तान्हं मूल त्यांनी जन्मात कधी उचललं नव्हतं. पुढे त्याच मुलीला पुण्यात मुलगा झाला. मेजर मोठ्या उत्साहानं गेले आणि काय करावं? पहिल्याच दिवशी नातवाच्या सामानाची झडती घेतली आणि निम्मं सामान वॉचमनला वाटून टाकलं. लेक भडकली. म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला एकदासुद्धा मांडीवर घेतलं नाहीत आणि त्याच्या वस्तू मोजताय? आधी त्याला घ्या, मग बोला. मेजर उठले, घ्यायला वाकले आणि दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. ते तसेच पुढच्या एसटीनं सांगलीला परत आले. त्यांची बायको नातवासाठी तिथेच राहिली. तेव्हापासून पुण्याला जाणं नाही. फोन यायचा, त्यावर नातू दिसायचा, आणि मेजर फोन असा धरायचे की पलीकडे फक्त यांचं कपाळ दिसावं.

"एवढ्यासाठीच वरवंटा," बायको रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली. "सराव करतायत बिचारे." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बघितलं तर ते रंगरूटाला मांडीवर घेऊन ढेकर काढत होते.

मुलगी दीड महिन्याची झाली तेव्हा बारसं ठरलं. जवळच एक हॉल घेतला. मेजर यायला तयार नव्हते. बायकांचं काम, मी घर राखतो म्हणाले. त्यांना हॉलमध्ये कोणीतरी बाळ हातात देईल ही भीती होती, हे आम्हाला कळत होतं.

त्या दिवशी सकाळी जे झालं त्यात एकट्या कोणाची चूक काढता येणार नाही. सासूबाईंनी लेकराला न्हाऊ घातलं, वर गोंधळ होता म्हणून खाली मेजरांच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, झोळीत निजवलं, आणि जावई गाडीत घालून आणतील असं समजून बायकोबरोबर माझ्या बहिणीच्या गाडीतून पुढे गेल्या. तिकडे मेजरांनी भल्या सकाळीच, बारशाला गाडी जाणार म्हणून शेवटची चाचणी घेतली होती. रंगरूटाला नवं टोपडं, शाल, पट्टे, सगळं जिथल्या तिथे. चाचणी पास करून ते टाकीचं पाणी बघायला गच्चीवर गेले. मी पेढ्यांची खोकी घेऊन खाली आलो, मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेलं, टोपड्याचा नुसता शेंडा दिसणारं बाळ बघितलं आणि मनात म्हटलं, सासूबाई मोठ्या कामसू. गाडी हळू चालवली. खड्डे चुकवले. वाटेत एकदा "झोपलीस का गं?" असंही विचारलं.

हॉलमध्ये खुर्ची तशीच उचलून पाळण्याजवळ ठेवली आणि झोपलीय, उठवू नका, असं बजावलं. बायका वाकून वाकून शालीवरूनच बघून गेल्या. "किती गुणी बाई, एवढ्या गलक्यात हूं नाही की चूं नाही," एक म्हणाली. दुसरीनं कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

आमच्याकडे बारशात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याखालून आणि पाळण्यावरून फिरवतात. त्याला बाळासारखं नटवतात, या बाईनं त्या बाईला द्यायचा, घ्या म्हणायचं, द्या म्हणायचं. सासूबाईंनी औंधहून आपला घरचा वरवंटा आणला होता. तो फिरवून झाला. गाणी झाली. मग आत्या म्हणून माझी बहीण पुढे झाली, तिनं खुर्चीतले पट्टे सोडले, शालीसकट पोर उचलली आणि म्हणाली, "अगं बाई, केवढी जड झालीय!" समोरच्या बाईनं हात पुढे केले, घेतलं, पाळण्याखालून पलीकडे दिलं. तिनं पुढचीला. शाल सरकली. दगड दिसला.

 औंधच्या बायकांना वाटलं, जावयाकडच्या सातारकरांत दोन वरवंटे फिरवत असतील. साताऱ्याच्या बायकांना वाटलं, औंधची पद्धत असेल. पाहुण्यांच्या रीतीला नाव कशाला ठेवा, म्हणून दोन्ही बाजूंनी दुसरा वरवंटाही अगदी मन लावून फिरवला. फिरत फिरत तो माझ्या बायकोच्या ओटीत आला. तिनं खाली बघितलं. टोपडं ओळखलं.

"हा रंगरूट आहे," ती म्हणाली. मग ओरडली, "माझी पोरगी कुठाय?"

मी खिशातला फोन काढला. मेजरांच्या न उचललेल्या फोनांची रांग होती. उलट लावला तर आता ते उचलेनात. बायको अनवाणीच गाडीत बसली, बहिणीनं रिकामी खुर्ची मागच्या सीटवर टाकली. तिच्या मांडीवर अजून वरवंटा होता, तो खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. मी पेढ्यांवर बसलो होतो हे मला नंतर कळलं. त्या दहा-पंधरा मिनिटांत तिच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, "ते धरत नाहीत. ते उचलणार नाहीत तिला."

सोप्याचं दार सताड उघडं होतं. आत तुरुंग फुटला होता. फडकं गरम करायचं यंत्र चालू, आवाज ऐकवायचा डबा खरखरतोय, वर टांगायचं फिरतं खेळणं पंख्याच्या हुकाला लटकून इंग्रजी गाणं म्हणतंय, मोहरीची उशी फाटून खोलीभर मोहरी. पायाखाली चुरचुरत होती. भांड्यात पाणी उकळत होतं, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून मेजर बसले होते. मांडीवर आमची मुलगी. तिची मूठ त्यांच्या मिशीत आणि ती गाढ झोपलेली.

"हळू," ते ओठ न हलवता म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

"फोन का नाही उचललात हो?" मी म्हणालो.

"कशानं उचलू? दोन्ही हात हितं गुतल्याती." मग म्हणाले, "लय रडली रं. समदं लावून बगितलं. कायबी चालंना. निळी पडाय लागली. मग... घेतली. घेतली आन गप झाली."

बायको गुडघ्यांवर बसली आणि मुलीला घ्यायला तिनं हात पुढे केले. मेजरांनी दिली नाही. कपाळावरून घामाची धार नाकापर्यंत आली होती, ती पुसायलाही हात सोडला नाही.

"काका, ती झोपलीय. आता झोळीत ठेवलं तरी चालेल," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "मांडी आता पोराला लागत नाही."

"पोराला न्हाई," मेजर म्हणाले. "मला लागतीया. बसू दे वाईच."

थोड्या वेळानं ते मला म्हणाले, "तुज्या फोनवरनं पुण्याला लाव. चेहरा दिसंल आसा धर."

मी लावला. पलीकडे त्यांची लेक आली. ती बापाकडे बघत राहिली, मग मांडीकडे, मग पुन्हा बापाकडे.  लेकीला बाळ नीट दिसावं म्हणून मेजरांनी छाती जराशी पुढे केली, एवढंच.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मान धरा तिची."

"धरलीया गं."

"नीट धरा."

"आगं धरलीया. कवापासनं धरलीया."

बारसं दुपारी झालं. जेवण गार झालं होतं, पण कोणी कुरकुर केली नाही. मेजर मागच्या सीटवर खुर्चीशेजारी बसून आले आणि हॉलमध्ये त्यांनी मुलीला कोणाच्या हातात द्यायला चक्क नकार दिला, तेव्हा नाव ठेवताना पाळण्यात ठेवण्यापुरतीच ती आम्हाला मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं पुण्याला गेले. सामान म्हणून एक पिशवी, तिच्यात मऊ लंगोट आणि एक जुनी झोळी. रंगरूटाला टोपडं काढून स्वयंपाकघरात पाट्यावर ठेवून गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे कसला तरी धडाधड आवाज येत होता.

"गड्या, आरं ह्यो तर पळतोय की रं!"

"तुम्ही तिथून येऊन वर्ष उलटून गेलं मेजर. पळणारच."

"मी लंगोट घिऊन आलोय, आन ह्यो चड्डी-बनियनवर भिंतीवर चढतोय. वरवंट्यावर शिकलो न्हवं मी. हितं आख्खा पाटा हाय."

"मग? घेतला का नाही मांडीवर?"

"मी काय घेतोय! आपणच येऊन बसला. दोनदा ढकलून बगितलं लेकीनं, जेवाय चल म्हणाली. उठंना." आवाज एकदम बारीक झाला. "पायाला मुंग्या आल्याती रं. काय करू?"

"काही करू नका," मी म्हणालो. "बसा तसेच."